संगणकावरील युद्धखेळ आणि धारवाडचा वेढा

बुद्धिबळाच्या पटावरील घोड्याला दाणावैरण लागत नाही. हत्ती पहिल्या खेळीला जितका ताजा असतो तितकाच चाळिसाव्या खेळीलाही असतो. प्याद्याला राजाचा हुकूम ऐकू आला नाही, किंवा ऐकूनही त्याने पाय मागे घेतला, असे पटावर कधी घडत नाही. आणि शत्रूचा वजीर कोठे उभा आहे, हे दोघांही खेळाडूंना सारखेच स्वच्छ दिसत असते. हा खेळ आपल्या देशात युद्धाची प्रतिमा म्हणून जन्मला आणि चतुरंग सेनेवरून त्याला नाव मिळाले. परंतु शतकानुशतकांच्या वापराने तो इतका निर्मळ झाला, की त्यांत युद्धाचा आकार तेवढा उरला आणि युद्धाचा चिखल धुऊन गेला. बुद्धिबळाची थोरवी त्या निर्मळपणातच आहे, यांत शंका नाही. तथापि काही माणसांना नेमके त्या चिखलाचेच कुतूहल असते. अशांसाठी संगणकावर एक निराळ्या जातीचा खेळ निर्माण झाला आहे. त्याला वास्तवदर्शी युद्धखेळ म्हणता येईल.

संगणकावरील युद्धखेळ म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बंदुकीच्या फैरी, धुराचे लोट आणि बटणे दाबणारी चपळ बोटे उभी राहतात. येथे विचार करावयाचा आहे तो या प्रकारचा नव्हे. वास्तवदर्शी युद्धखेळात गडबड फारशी नसते. पडद्यावर एक नकाशा असतो; त्यावर षट्कोनी घरे आखलेली असतात; घरांत चौकोनी सोंगट्या असतात आणि सोंगट्यांवर आकडे असतात. २०१० साली निघालेला ‘वॉर इन द ईस्ट’ हा खेळ १९४१ ते १९४५ या काळातील जर्मनी व रशिया यांच्या युद्धाचा आहे. त्यांतील एक घर म्हणजे दहा मैलांचा मुलूख आणि एक खेळी म्हणजे एक आठवडा. संपूर्ण मोहीम खेळावयाची तर दोनशेहून अधिक खेळ्या होतात, आणि नियमांची पुस्तिकाच तीनशेहून अधिक पानांची आहे. १९९८ सालचा ‘द ऑपरेशनल आर्ट ऑफ वॉर’ हाही याच कुळातला. २०१९ सालच्या ‘कमांड : मॉडर्न ऑपरेशन्स’ या खेळात आधुनिक आरमारी व हवाई लढायांचे इतके बारकावे आहेत, की त्याची व्यावसायिक आवृत्ती काही देशांच्या लष्करांनीही आपल्या अभ्यासासाठी घेतली आहे.

दिवसभराचे काम आटोपून घरी आलेला माणूस रात्री उशिरापर्यंत जागतो आणि कोणत्या लोहमार्गाने किती इंधन पुढे धाडता येईल याचे हिशेब करतो. हे करण्याबद्दल त्याला कोणी वेतन देत नाही. मग त्यांत त्याला गोडी कसली वाटते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी रशियाच्या हिमभूमीपर्यंत जाण्याचे कारण नाही. ते धारवाडातच सापडण्याजोगे आहे.

धारवाडच्या किल्ल्याचे आता दरवाजा आणि थोडेसे अवशेष एवढेच राहिले आहेत. परंतु १७९० साली हा किल्ला टिपू सुलतानाच्या ताब्यात होता आणि कर्नाटकाच्या या भागाची ती किल्ली समजली जात असे. त्या वर्षी मराठे, निजाम आणि इंग्रजांची कंपनी यांनी टिपूविरुद्ध एकजूट केली. तासगावकर परशुरामभाऊ पटवर्धन मोठी फौज घेऊन कृष्णेच्या दक्षिणेस उतरले. त्यांच्या मदतीला कॅप्टन लिटल याच्या हाताखाली मुंबईच्या दोन देशी पलटणी आणि थोडा तोफखाना देण्यात आला होता. समुद्रमार्गे कोकणात उतरून आणि घाट चढून ते लोक भाऊंना येऊन मिळाले. १७९० च्या सप्टेंबरात धारवाडला वेढा पडला. आत टिपूचा सरदार बद्रुज्जमानखान शिबंदी घेऊन बसला होता. पटावरील सोंगट्या मोजून पाहिल्या तर निकाल उघड दिसतो. बाहेर अफाट फौज, आत कोंडलेली शिबंदी. असे असता किल्ला हाती येण्यास १७९१ चा एप्रिल उजाडला. जवळजवळ सात महिने लागले.

हे असे का झाले, याचे वर्णन लिटलच्या तुकडीत असलेल्या एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने १७९४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. मराठ्यांच्या मोर्च्यातील तोफ एकदा डागली की गोलंदाज खाली बसत, गप्पा मारीत, चिलीम ओढीत, आणि बऱ्याच वेळाने पुढचा बार भरीत. दुपारी दोन्ही बाजूंचा मारा जणू ठरवून थांबे. रात्री तोफा मोर्च्यातून काढून छावणीत नेल्या जात, आणि तेवढ्या अवधीत किल्ल्यातील लोक दिवसा पडलेले भगदाड बुजवून टाकीत. मूर हा परकी होता, आणि त्याच्या लेखणीला उपहासाची थोडी धार आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. परंतु त्याने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, ती उपहासाच्या पलीकडची आहे. तोफांना पुरेशी दारू नव्हती. ती पुण्याहून यावयाची, बैलांच्या पाठीवरून, पावसाने फुटलेल्या वाटांनी आणि भरलेल्या नद्या ओलांडून. ज्याच्यापाशी दिवसाला मोजक्याच बारांची दारू आहे, तो गोलंदाज चिलीम ओढीत बसला तर त्याला केवळ आळशी म्हणता येईल काय?

याच प्रश्नाशी वास्तवदर्शी युद्धखेळाची खरी गोडी सुरू होते. धारवाडचा वेढा अशा खेळात मांडावयाचा झाला, तर खेळाडूच्या हाती प्रथम फौज येणार नाही. प्रथम बैल येतील. पुणे ते धारवाड हे अंतर, बैलाची दिवसाची चाल, एका बैलावर लादता येणारे ओझे, वाटेतले नदीउतार, आणि एका बाराला लागणारी दारू, एवढे आकडे त्याच्यासमोर मांडले जातील. मग त्याने हवे तर रोज शंभर बार काढावे. चौथ्या दिवशी कोठार रिकामे झाल्याचे त्याला दिसेल. किंवा त्याने दारू साठवावी. साठवीपर्यंत किल्लेदार तट दुरुस्त करून घेईल. तिसरा मार्ग सुलतानढव्याचा. तोही धारवाडास करून पाहण्यात आला. मदतीला आलेल्या कर्नल फ्रेडरिकने १७९१ च्या फेब्रुवारीत खिंडार पुरते पडलेले नसतानाच हल्ला चढविला. खंदक भरून काढण्यासाठी टाकलेल्या काटक्यांच्या मोळ्यांना आतल्यांनी आग लाविली, आणि हल्ला फसला. पुढच्याच महिन्यात फ्रेडरिक मरण पावला. त्याच्या आधी डिसेंबरात पेठ घेण्यात आली होती, ती हातची गेली होती, आणि पुन्हा रक्त सांडून घ्यावी लागली होती.

खेळाडू या तिन्ही वाटा चालून पाहतो, आणि त्याला जे कळते ते पुस्तकातील ओळ वाचून सहसा कळत नाही. ‘रसदीअभावी वेढा लांबला’ हे वाक्य इतिहासात शेकडो ठिकाणी येते आणि वाचक ते ओलांडून पुढे जातो. खेळात ते वाक्य ओलांडता येत नाही. त्याच्याशी रोज भांडावे लागते. बुद्धिबळात खेळाडूचा विरोधक समोर बसलेला असतो. येथे समोरच्याइतकाच चिवट विरोधक आपल्या पाठीमागे, रस्त्यावर आणि कोठारात असतो. सूक्ष्म विचाराची आवड असलेल्या माणसाला हे आव्हान मोठे वाटते, याचे नवल नाही.

दुसरी गोष्ट अज्ञानाची. धारवाड पडल्यावर परशुरामभाऊ दक्षिणेकडे निघाले. इकडे लॉर्ड कॉर्नवॉलिसने मार्चमध्ये बंगळूर घेतले, १५ मे १७९१ रोजी अरीकेरे येथे टिपूचा पराभव केला आणि तो श्रीरंगपट्टणाच्या समोर जाऊन ठेपला. पण त्याच्या सैन्यात अन्न उरले नव्हते आणि तोफा ओढणारे बैल मरत होते. मराठी फौज जवळ येत होती. परंतु टिपूचे स्वार जासुदांना वाटेतच गाठीत असल्यामुळे ही बातमी कॉर्नवॉलिसपर्यंत पोचली नाही. वेढ्याच्या अवजड तोफा फोडून टाकून तो माघारी वळला. आणि माघार सुरू होते न होते तोच परशुरामभाऊ आणि हरिपंत फडके यांच्या फौजा, धान्याने भरलेल्या आपल्या बाजारासह, त्याला येऊन भेटल्या. तोफा फुटून गेल्या होत्या. पावसाळा तोंडावर आला होता. श्रीरंगपट्टणाची मोहीम पुढच्या वर्षावर गेली.

ज्या खेळात दोन्ही बाजूंना सगळा पट दिसतो, त्यांत हा प्रसंग मांडताच येणार नाही. पट पाहणारा प्रत्येक जण म्हणेल, ‘कॉर्नवॉलिसने आणखी थोडे थांबावयास हवे होते.’ पण त्या वेळी त्या छावणीत बसलेल्या माणसाला पट दिसत नव्हता. त्याला भुकेले शिपाई आणि मेलेले बैल तेवढे दिसत होते. संगणकाचा या खेळांना झालेला मोठा उपयोग हाच. तो शत्रूची सोंगटी लपवून ठेवतो. तिची बातमी उशिरा देतो. कधी अर्धवट देतो. आपलीच तुकडी कोठे पोचली हेही काही खेळांत खेळाडूला निश्चित कळत नाही. ‘कॉम्बॅट मिशन’ या खेळाच्या एका पद्धतीत दोन्ही खेळाडू एकाच वेळी हुकूम देतात, आणि मग एक मिनिटभर काय घडते ते हात जोडून पाहत राहतात. त्या एका मिनिटात हुकूम मागे घेता येत नाही. सेनापतीच्या पदाचे ओझे कशाला म्हणतात, हे त्या एका मिनिटात थोडेसे उमगते.

हा विचार संगणकापासून सुरू झालेला नाही. प्रशियातील बॅरन फॉन राइसविट्झ याने १८१२ साली आपल्या राजापुढे जमिनीच्या उंचसखलपणासह मांडता येणारा एक युद्धपट ठेवला. १८२४ साली त्याच्या मुलाने त्याचे नियम सुधारून छापले. मुलाच्या पद्धतीत लष्करी नकाशा वापरीत; एक खेळी दोन मिनिटांची मानीत; नुकसान किती झाले ते फासे टाकून आणि कोष्टके पाहून ठरवीत. दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच असे. कोणाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तोच जाणे. प्रशियाच्या सेनेने हा खेळ आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला. पुढे १९५४ साली अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स याने ‘टॅक्टिक्स’ नावाचा पुठ्ठ्याच्या पटावरील युद्धखेळ विक्रीस काढला, आणि लष्कराबाहेरच्या सामान्य माणसांनाही हा छंद लागला. नकाशा, फासे, कोष्टके आणि पंच या चारही गोष्टी आज संगणकाने आपल्या पोटात घेतल्या आहेत. पूर्वी एका संध्याकाळी चार माणसे जमवावी लागत. आता एकटा माणूसही बसू शकतो, किंवा परगावच्या प्रतिस्पर्ध्याला आपली खेळी धाडून उत्तराची वाट पाहू शकतो.

पंचाचे महत्त्व किती, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४२ च्या मे महिन्यात जपानी आरमाराने मिडवेच्या मोहिमेची रंगीत तालीम पटावर केली. त्या मोहिमेशी संबंधित असलेल्या फुचिदा या अधिकाऱ्याने पुढे लिहिलेल्या वृत्तान्ताप्रमाणे, फाशांनी जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बाँब पडल्याचा निकाल दिला आणि ‘आकागी’ व ‘कागा’ या दोन नौका बुडाल्याचे ठरले. मुख्य पंच अॅडमिरल उगाकी याने तो निकाल फिरवून नऊचे तीन केले, आणि पुढे ‘कागा’ पुन्हा तरंगू लागली. जूनमध्ये प्रत्यक्ष समुद्रावर आकागी आणि कागा या दोन्ही बुडाल्या; त्यांच्या जोडीला आणखी दोन विमानवाहू नौका गेल्या. पट खोटे बोलला नव्हता. पटाचे ऐकावयाचे नाही असे माणसाने ठरविले होते.

संगणक असा पक्षपात करीत नाही, ही त्याची जमेची बाजू. परंतु येथेच सावध राहावे लागते. संगणकाला जे आकडे भरविले तेच तो परत देतो. बैलाची चाल दुप्पट लिहिली तर धारवाड महिन्याभरात पडेल, आणि पडद्यावर ते तितकेच खरे दिसेल. उगाकीने जे उघडपणे केले, ते खेळ रचणारा नकळत करू शकतो. म्हणूनच चांगले खेळाडू खेळाच्या निकालापेक्षा त्याच्या गृहीतांवर अधिक वाद घालतात. ‘ऑपरेशनल आर्ट ऑफ वॉर’ किंवा ‘कमांड’ यांसारख्या खेळांत स्वतःची मोहीम रचण्याची सोयही दिलेली असते. तिचा उपयोग करणारा माणूस हळूहळू खेळाडूचा अभ्यासक होतो. त्याला जुने नकाशे शोधावे लागतात. पत्रव्यवहार वाचावा लागतो. नदीला उतार कोणत्या महिन्यात मिळतो हे विचारावे लागते. आणि मूरच्या इंग्रजी ग्रंथावर विसंबून न राहता मराठी कागदांत तीच हकीकत कशी आली आहे, ते ताडून पाहावे लागते. मनोरंजनासाठी हाती घेतलेली गोष्ट माणसाला इतक्या कष्टाकडे नेते, हे या छंदाचे वैशिष्ट्य आहे.

मराठी माणसाला तर या शिस्तीची विशेष गरज आहे. आपल्याकडे इतिहासावर बोलताना ‘जर’ आणि ‘तर’ हे दोन शब्द फार स्वस्त झाले आहेत. भाऊसाहेबांनी पानिपतावर अमुक केले असते तर, होळकरांनी तमुक केले असते तर, अशी चर्चा ओट्याओट्यावर चालते आणि तिचा शेवट कोणाला तरी दोषी ठरविण्यात होतो. वस्तुतः त्या ‘जर’पुढे हिशेब मांडावयास हवा. १७६० च्या नोव्हेंबरापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत पानिपतच्या छावणीत लढणाऱ्यांच्या जोडीला यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे यांचा केवढा जमाव होता. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर धान्याची वाट कशी बंद झाली. घोडी उपाशी राहिल्यावर घोडदळाचे काय होते. हे आकड्यांनी मांडले म्हणजे सदाशिवरावभाऊंसमोर उरलेले मार्ग किती थोडे होते ते दिसू लागते. एखादा मार्ग त्यांनी चुकविला असेही कदाचित दिसेल. पण तो निवाडा हिशेबानंतरचा असेल, हिशेबाऐवजी केलेला नसेल. पूर्वजांना न्याय द्यावयाचा तर त्यांना जेवढे दिसत होते तेवढ्याच उजेडात उभे राहून विचार करावा लागतो. चांगला युद्धखेळ ही सवय लावतो.

या खेळांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सोंगटीवरील आकडा आठाचा पाच झाला, म्हणजे प्रत्यक्षात तीनशे घरांत रडारड झाली. ती पडद्यावर ऐकू येत नाही. माणसे मोजण्याची सवय लागली की माणसे दिसेनाशी होण्याचा धोका असतो. धारवाडचेच पाहा. खेळ असता तर तो १७९१ च्या एप्रिलमध्ये किल्लेदाराने अटी मान्य केल्या तेथे संपला असता आणि गुण मोजले गेले असते. प्रत्यक्षात शस्त्रांनिशी बाहेर पडू दिलेली शिबंदी वाटेत असताना अटी कोणी मोडल्या यावरून तंटा झाला. मराठी फौज तिच्यावर तुटून पडली. बद्रुज्जमानखान जखमी होऊन कैदेत पडला. ज्या पेठेसाठी डिसेंबरात दोन्ही बाजूंनी झुंज झाली, त्या पेठेत विणकर, वाणी, कासार अशी साधी माणसे राहत असतील. त्यांच्या नावाची सोंगटी कोणत्याही पटावर नसते.

तरीही या आक्षेपाला एक उत्तर आहे. युद्ध सोपे असते, जय निश्चित असतो, आणि आपली बाजू शूर असली की पुरे, असे ज्यांना वाटते ती माणसे युद्धखेळ खेळणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक धोक्याची असतात. एच. जी. वेल्स याने १९१३ साली शिशाच्या शिपायांनी खेळावयाच्या युद्धाचे एक पुस्तक लिहिले. खऱ्या युद्धाचा तो विरोधक होता, आणि असा पट मांडून पाहिला तर खरे युद्ध ही केवढी ढोबळ चूक आहे ते ध्यानात येईल, अशी त्याची धारणा होती. पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले; पुस्तकाने ते टळले नाही. पण वेल्सचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही. ज्याने एकदा बैलांचा, दारूचा आणि पावसाचा हिशेब मनापासून केला आहे, तो रणगर्जनेला सहजासहजी भुलत नाही. एखाद्या मोहिमेची घोषणा झाली की तो प्रथम विचारतो, ‘रसद कोठून येणार?’

मुलगा संगणकासमोर तासन्तास बसतो अशी काळजी ज्या घरात असेल, त्या घरातील वडीलमंडळींनी तो काय खेळतो हे एकदा जवळ बसून पाहावे. नुसत्या फैरी झडत असतील तर काळजी रास्त आहे. परंतु नकाशा, आकडे आणि कपाळावर आठ्या दिसल्या, तर एखाद्या रविवारी त्याला धारवाडला न्यावे. किल्ल्याच्या दरवाजापाशी उभे करून त्याला विचारावे, येथे तोफ आणावयाची तर किती बैल लागतील? तो हिशेब करू लागला, म्हणजे खेळाने आपले काम केले असे समजावे. मग पेठेतील माणसांची गोष्टही त्याला सांगावी. ती कोणत्याही नियमपुस्तिकेत दिलेली नसते.